सूर्य वर आल्यावर विरते ते सगळे धुकेच असते का?

प्रश्न : माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि गेली अनेक वर्षे पहाटे साडेपाचला फिरायला जातात. या हिवाळ्यात रोज सकाळी समोरची झाडेसुद्धा दिसत नाहीत. बाबांचे म्हणणे असे की, ‘धुके आहे, उन्हे आली की विरेल, धुक्याने कधी कोणाला काही झाले आहे का?’ मला मात्र त्या हवेत घशाला खवखव जाणवते. मोबाइलवरचे हवामानाचे अ‍ॅप कधी ‘फॉग’ दाखवते, कधी ‘हेझ’. हवा मोजणारे एक छोटे यंत्र आणून खिडकीत ठेवले, तर ते पहाटे भलतेच मोठे आकडे दाखवते आणि दहा वाजेपर्यंत निम्म्यावर येते. बाबा त्यालाही हसतात. धुके, हेझ आणि स्मॉग यांत नेमका फरक काय, आणि बाबांना फिरायला जाऊ द्यावे की नाही?

उत्तर : आपण आणि आपले वडील, दोघेही बरोबर आहात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. पहाटे समोरचे झाड दिसेनासे करण्याचे काम मुख्यतः पाणीच करत असते, हे वडिलांचे म्हणणे खरे. आणि त्याच हवेत घसा खवखवण्याजोगे दुसरेही काही मिसळलेले असू शकते, ही आपली शंकाही खरी. आपले यंत्र तर पूर्ण खरेही बोलत नाही आणि पूर्ण खोटेही. म्हणून ‘हे धुके आहे की धूर?’ असा एकच प्रश्न विचारण्यापेक्षा तो दोन भागांत विचारावा. हवेत तरंगणारे जे काही आहे ते पाणी आहे की कोरडे कण, हा पहिला भाग. आणि ती हवा वर जाऊन मोकळी होते आहे की जमिनीलगत कोंडली गेली आहे, हा दुसरा. फिरायला जावे की नाही याचे उत्तर मुख्यतः दुसऱ्या भागात आहे, पण तिथे पोचण्यासाठी पहिला समजून घ्यावा लागतो.

आधी शब्दांचे पाहू. ‘फॉग’ म्हणजे आपले धुके, गावाकडची धुई. ‘स्मॉग’साठी धूर आणि धुके यांची सांगड घालून केलेला ‘धुरके’ हा शब्द आता वर्तमानपत्रांत चांगला रुळला आहे. ‘हेझ’चे मात्र मराठीत अजून एकमत नाही, कोणी झाकोळ म्हणतात, कोणी धुरकट हवा. झाकोळ या शब्दाला ढगांची छटा आहे, म्हणून मी येथे ‘धूसरपणा’ म्हणतो.

निरभ्र आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि लवकर निवते. तिला चिकटून असलेली हवाही निवते. थंड होत जाणारी हवा एका तापमानाला पोचली की तिच्यात जितकी वाफ आहे तितकीच सामावण्याची तिची क्षमता उरते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. त्याखाली उतरल्यावर जादा वाफेला पाणी व्हावेच लागते. गवतावर झाले तर दव, हवेतच झाले तर धुके. समुद्रावरची दमट हवा थंड पाण्यावरून किंवा थंड जमिनीवरून वाहत आल्यानेही धुके पडते, पण आपल्या पत्रातले पहाटेचे, रोजचे, उन्हे आल्यावर विरणारे धुके बहुधा पहिल्या जातीचे आहे. हवामान निरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार पाण्याच्या अशा थेंबांमुळे १ किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले तरच त्याला धुके म्हणतात. त्याहून दूरचे दिसत असेल तर ते विरळ धुके.

धुक्याचा थेंब किती मोठा असतो? साधारण ५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस बहुधा ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे धुक्याचा एक थेंब केसाच्या जाडीतही मावतो. आणि पाणी किती असते? मध्यम दाट धुक्यात एका घनमीटर हवेमागे सुमारे ०.१ ग्रॅम धरले, तर तीन मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीत भरलेल्या धुक्याचे सगळे पाणी गोळा केल्यावर चहाचा अर्धा चमचाच भरेल. एवढेसे पाणी समोरची भिंत पुसून टाकते, कारण ते एका चमच्यात नसते. ते अब्जावधी थेंबांत वाटलेले असते आणि प्रत्येक थेंब प्रकाशाला आडवा येतो.

आता वडिलांच्या ‘शुद्ध धुक्या’ला पहिला धक्का. शुद्ध हवेत धुके पडतच नाही. स्कॉटलंडमधील जॉन एटकेन यांनी १८८० मध्ये एक साधा प्रयोग दाखवला होता. दोन मोठी काचपात्रे घेतली. एकात बाहेरची नेहमीची हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा. दोन्हींत वाफ सोडल्यावर पहिले पात्र धुक्याने पांढरे झाले आणि दुसरे स्वच्छच राहिले. वाफेला थेंब होण्यासाठी बसायला काहीतरी लागते, मग ते मीठ असो, धुळीचा कण असो किंवा धुरातला गंधकाचा एखादा क्षार. अशी केंद्रके अजिबात नसतील तर हवेची आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट वर गेल्याशिवाय थेंब धरत नाही, आणि निसर्गात तसे घडत नाही. म्हणजे धुक्याच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात कशाचा तरी कण विरघळलेला किंवा अडकलेला असतोच. समुद्रावर तो मिठाचा असेल, गजबजलेल्या वस्तीवर धुराचा.

धूसरपणा म्हणजे हेच कण, पाण्यावाचून. हवा कोरडी असते, कण कोरडे किंवा जेमतेम ओलसर असतात आणि आकाराने बहुधा ०.१ ते १ मायक्रॉनच्या दरम्यान. ज्या प्रकाशाने आपण पाहतो त्याची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे कणांच्याच मापाची, आणि म्हणूनच हे कण प्रकाश विखुरण्यात फार तरबेज असतात. त्यांचे वजन काढू गेले तर हसू येईल. घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम कण ही अत्यंत वाईट हवा मानली जाते, पण वरच्याच खोलीत अशी हवा भरली तर सगळ्या कणांचे वजन ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल, साधारण शंभरेक मिठाच्या कणांइतके. चिमटीतही नीट धरता येणार नाही अशी ही भुकटी क्षितिजावरचा डोंगर पुसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, एवढे ध्यानात ठेवले की २०० चा अर्थ कळतो.

रंगावरूनही दोघांची ओळख पटते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे किंवा करडे दिसते आणि त्यातून दिसलाच तर सूर्य फिकट पांढऱ्या चकतीसारखा दिसतो. धूसरपणातले बारीक कण निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी विखुरतात, म्हणून काळसर डोंगरापुढे धूसर हवा निळसर भासते, उजळ आकाशापुढे तीच पिवळट-तपकिरी वाटते, आणि सूर्य नारिंगी होतो. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स आणि अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स यांना त्यांची नावे अशाच धूसरपणामुळे मिळाली; तिथे झाडांतून सुटणाऱ्या सुगंधी वाफांपासून असे कण तयार होतात. धूसरपणा म्हणजे नेहमीच कारखाना नव्हे, हे न्यायाने सांगायला हवे.

आपले अ‍ॅप कधी ‘फॉग’ आणि कधी ‘हेझ’ का सांगते, याचे उत्तर आता सोपे आहे. दृश्यमानता कमी आहे हे कळल्यावर निरीक्षक आर्द्रता पाहतो. हवा जवळपास शंभर टक्के दमट असेल तर धुके. सापेक्ष आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या खाली असेल तर धूसरपणा. ही सीमारेषा देशोदेशी थोडी इकडेतिकडे होते, पण ती तिथेच का, याला कारण आहे. धुरातले कित्येक क्षार पाणी ओढून घेणारे असतात. साध्या मिठाच्या कोरड्या कणाचे ७५ टक्के आर्द्रतेला आणि अमोनियम सल्फेट या क्षाराच्या कणाचे ८० टक्क्यांच्या आसपास अचानक खारट थेंबात रूपांतर होते. तिथून पुढे आर्द्रता चढत जाईल तसा तो थेंब फुगतो. ९०-९५ टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्या कणाच्या दीडपट-दुप्पट होतो. पुरेशा केंद्रकांनी शंभरचा उंबरठा ओलांडला की धुके पडते. थोडक्यात, संध्याकाळचा धूसरपणा आणि पहाटेचे धुके हे कित्येकदा दोन वेगळे पाहुणे नसतात. तोच पाहुणा रात्री भिजून सकाळी उभा असतो.

इथे धुराची आणखी एक करामत आहे, जी लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. समजा, २० मायक्रॉनचा एक थेंब आहे. तेवढेच पाणी १० मायक्रॉनच्या थेंबांत वाटले तर आठ थेंब होतील. प्रत्येकाचे आडवे क्षेत्रफळ मूळ थेंबाच्या चौथाई, पण थेंब आठ, म्हणजे प्रकाशाला अडवणारे एकूण क्षेत्रफळ दुप्पट. पाणी तेवढेच, दिसायचे मात्र निम्म्याच अंतरापर्यंत. हवेत कण जितके जास्त, तितके वाटेकरी जास्त आणि थेंब बारीक. बारीक थेंब खालीही लवकर बसत नाहीत. म्हणून मळक्या हवेतले धुके अधिक दाट होते आणि अधिक वेळ रेंगाळते. बाबांना जे ‘नुसते धुके’ वाटते आहे, त्याच्या दाटपणात धुराचा हात असतो तो असा.

आता दुसरा भाग, कोंडलेल्या हवेचा. माझ्या मते हा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सामान्यतः वर जावे तशी हवा थंड होते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. त्यामुळे खालची उबदार हवा वर चढते आणि धूर सोबत घेऊन जाते. पण ज्या निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर निवते, त्याच रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार अशी उलटी मांडणी होते. भूगोलाच्या पुस्तकात हिला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड, जड हवा खाली. उबदार, हलकी हवा वर. मग खालच्या हवेने वर जावे तरी कशासाठी? झाकण बसते. दुपारी धूर एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो. हिवाळ्यातल्या रात्री त्याच धुराला कधीकधी शंभर-दोनशे मीटरच मिळतात. शेकोट्या, वाहने, भट्ट्या यांनी एक कणही जास्त सोडला नाही तरी केवळ जागा आटल्यामुळे हवेतले प्रमाण पाच-दहापट होऊ शकते. आणि पाहा, धुके पडायला जी रात्र लागते तीच हे झाकण बसवते. दोघे एकत्र येतात ते योगायोगाने नव्हे.

‘धुक्याने कधी कोणाला काही झाले आहे का?’ हा वडिलांचा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण त्याचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर असेच झाकण बसले. थंडी होती, घराघरांत दगडी कोळसा जळत होता, आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड धुक्याच्या थेंबांत विरघळून तिथेच गंधकाम्ल तयार होत होते. थेंब आटत गेला की आम्ल अधिकच तीव्र होई. चालणाऱ्याला स्वतःची पावले दिसेनात. एका नाट्यगृहात धुरके आत शिरल्याने चालू प्रयोग थांबवावा लागला. त्या वेळी सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाल्याचे मानले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी पुढच्या महिन्यांतले मृत्यू धरून हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यांत वृद्ध आणि छातीचे विकार असलेले लोक मोठ्या संख्येने होते. पाठोपाठ १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. ‘स्मॉग’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्यांना सहसा दिले जाते ते डॉ. हेन्री दे व्हो हेही लंडनचेच. १९०५ मध्ये धूर आणि धुके या विषयावरील आपल्या निबंधात त्यांनी तो वापरला होता. म्हणजे शब्द मिळाल्यावरही शहराला जाग यायला सत्तेचाळीस वर्षे लागली. लंडनच्या लोकांनाही पहिल्या दिवशी ते नेहमीचे धुकेच वाटले होते.

धुरक्याची दुसरी जात याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिला थंडी नको, धुके नको. कडक ऊन हवे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका दिवशी हवा तपकिरी झाली, डोळे चुरचुरू लागले, आणि युद्धाचे दिवस असल्याने काहींना विषारी वायूचा हल्ला झाल्याची भीती वाटली. संशय कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर गेला. पण तो बंद ठेवूनही त्रास थांबला नाही. पुढे अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास उलगडा केला. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळलेल्या इंधनाच्या वाफा यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. एरवी तो ओझोन उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडशी भांडून लगेच संपला असता. पण इंधनाच्या वाफा त्या नायट्रिक ऑक्साइडला आधीच वेगळ्या वाटेने नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलतात, म्हणून ओझोन साचत जातो आणि दुपारी कळसाला पोचतो. हवेतल्या ओझोनने वाकवलेल्या रबराच्या पट्टीला भेगा पडतात, आणि त्या काळी त्या भेगांवरून ओझोन मोजतही असत. ओझोन स्वतः हवेतल्या या प्रमाणात डोळ्यांना दिसत नाही; तपकिरी छटा असते ती नायट्रोजन डायऑक्साइडची आणि कणांची. म्हणून उन्हाळ्यात आकाश बऱ्यापैकी निळे असूनही फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. दृश्यमानता हा आरोग्याचा आरसा नाही, हे धुक्यापेक्षाही इथे अधिक ठळकपणे दिसते.

आजकाल हिवाळ्यात वस्त्यांवर जे धुरके बसते ते या दोन जातींची खिचडी असते. कोळशाच्या जोडीला वाहने, जाळलेला कचरा आणि काडीकचरा, शेतीतून व जनावरांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया. हा अमोनिया नायट्रिक आम्लाच्या वाफेशी संयोग पावून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनवतो, आणि थंड, दमट हवेत ते टिकून राहतात. धुराड्यातून कण म्हणून न निघालेली, हवेतच जन्मलेली ही भुकटी आहे.

आता आपल्या यंत्राकडे वळतो. अशी छोटी यंत्रे कण तोलत नाहीत. एका बारीक फटीतून हवा ओढून तिच्यावर प्रकाशाची तिरीप टाकतात आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. पहाटे फुगलेले कण आणि धुक्याचे बारीक थेंब यांनाही यंत्र कणच समजते, म्हणून आकडा फुगतो. शासकीय केंद्रांवरच्या उपकरणांत आत येणारी हवा बहुधा किंचित तापवून कोरडी करतात, ती याचसाठी. म्हणून पहाटे आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर असताना आपल्या यंत्राचा आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असू शकतो, हे बाबांना मान्य करून टाका. पण दहा वाजताचा निम्मा आकडाही निम्म्या धुराचा पुरावा नाही, हे बाबांनी मान्य करावे. तोवर दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात : थेंब आटून कण पुन्हा कोरडे झालेले असतात, आणि जमीन तापून झाकण उचलायला लागलेले असते. धुके विरणे म्हणजे हवा स्वच्छ होणे नव्हे. पाणी उडून जाते, त्याच्या पोटातला कण तिथेच राहतो. उलट थेंबातल्या रासायनिक क्रियांमुळे तो कधीकधी आधीपेक्षा जाडही झालेला असतो. काही कण थेंबांबरोबर गवतावर, छपरांवर उतरतात हेही खरे, त्यामुळे धुके थोडेफार झाडलोटही करते. हवा खरी मोकळी होते ती झाकण उचलल्यावर, आणि त्याला धुके दिसेनासे झाल्यानंतरही बहुधा तास-दोन तास लागतात.

म्हणून माझा सल्ला असा. फिरणे बंद करू नका; वेळ बदला. एकाहत्तराव्या वर्षी रोज चालणाऱ्या माणसाला घरात बसवणे हा उपायच नव्हे. हिवाळ्यात धुके उठून ऊन चांगले तापल्यावर, शक्य तर उत्तरसकाळी किंवा दुपारी फिरावे. उन्हाळ्याच्या कडक दिवसांत मात्र हेच उलटे करून सकाळच बरी, कारण ओझोन दुपारी चढतो. विश्रांती घेताना आपण मिनिटाला सहा-आठ लीटर हवा आत घेतो आणि भरभर चालताना तिच्या तीन-चारपट; तेव्हा वाईट दिवशी चालायचेच असेल तर सावकाश आणि वाहनांच्या रस्त्यापासून दूर. जवळच्या शासकीय केंद्राचा आकडा घरच्या यंत्रापेक्षा प्रमाण मानावा. साधा कापडी रुमाल बारीक कणांना जवळपास रोखत नाही. ‘एन ९५’ मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली तर कण चांगले अडवते, पण वायू अडवत नाही. शिवाय छातीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने ती लावून चालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. आपल्या घशाची खवखव थंड हवेनेही असू शकते, पण दम लागणे, छातीत घट्टपणा किंवा न थांबणारा खोकला यांपैकी काही बाबांना झाले तर कोणताही आकडा न पाहता तपासणी करून घ्यावी.

राहिला प्रश्न वाद मिटवण्याचा. दोन साधे तापमापक घ्या आणि एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा. दोन्ही खिडकीबाहेर टांगून थोड्या वेळाने वाचा. दोन्हींचे आकडे सारखेच असतील तर हवा पाण्याने भरलेली आहे आणि समोरचा पडदा धुक्याचा आहे. १५ अंशांच्या हवेत दोन अंशांचा फरक दिसला तर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास; त्याहून जास्त फरक असूनही झाड दिसत नसेल तर बाबा हरले, तो धूसरपणा आहे. दोन्ही एकदम असल्याची शंका असेल तर मी एका हिवाळ्यात केले होते ते करून पाहा. काचेची स्वच्छ पट्टी रात्री बाहेर उभी करून ठेवावी, आणि पहाटे तिच्यावर थेंब जमले की ती उचलून घरात आडवी ठेवून वाळू द्यावी. मग पांढऱ्या कापसाने एकदाच पुसावी. माझ्याकडे पहिल्या दोन सकाळी कापूस जवळजवळ पांढराच राहिला आणि तिसऱ्या सकाळी त्यावर काजळीचा करडा पट्टा उमटला. बाहेरचे धुके तिन्ही दिवस सारखेच दाट दिसत होते. पट्टी आठवणीने घरातच वाळवा. बाहेर उन्हात ठेवली तर दिवसभराची धूळ तिच्यावर बसेल आणि बाबांना हसायला आणखी एक निमित्त मिळेल.